मंगळवारचे दोन कप

सोमवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला, तेव्हा नरहरी काळदाते खिडकीपाशी उभे राहून कोळगावच्या सरकारी संकुलाचं रिकामं पटांगण बघत होते. जिल्ह्याचे औषध निरीक्षक म्हणून बीडहून इथे येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तातडीचा म्हणावा असा एकही फोन आला नव्हता.

फोनवर एक बाई होत्या. आवाज ताब्यात ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण तो काही जमत नव्हता.

"मी डॉक्टर हिमानी. किनारा आरोग्य प्रतिष्ठान. आमच्या अभ्यासातल्या एक आजी शिरगावात घरी बेशुद्ध सापडल्यात. ओठ काळेनिळे पडलेत. रक्त काढलं तर तपकिरी निघालं. गोळ्या आमच्याच घेत होत्या, म्हणून तुम्हाला कळवणं भाग आहे."

आपल्याविरुद्धची तक्रार आपणच नोंदवणारं माणूस नरहरींनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी जेवणाचा डबा तसाच टेबलावर ठेवला आणि गाडी मागवली.

आजींचं नाव जमना. वय अडुसष्ट. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, त्याला वीस वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. जन्मापासून ओठ आणि नखं निळसर, म्हणून गावात 'निळी जमना'. घर किल्ल्याच्या अलीकडे, वस्तीच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. त्याच्या पुढे वाळू आणि समुद्र.

नरहरी पोचले तेव्हा रुग्णवाहिका तिला घेऊन पालघरला गेली होती. दारात फौजदार एकनाथ सावे उभे होते. घाईचा माणूस. गुन्हा कळायच्या आधी गुन्हेगार कळावा अशी त्यांची नेहमीची अपेक्षा असे.

"गोळी किंवा मीठ," एकनाथ म्हणाले. "दोनातलं एक. आत या, दाखवतो."

घर दीड खोलीचं. कोपऱ्यात चूल, चुलीवर फळी. फळीवर पुठ्ठ्याच्या छोट्या डब्यांची चळत, एकावर एक चौदा. प्रत्येक डबीवर जमनाचं नाव आणि आठवड्याचा आकडा छापलेला. झाकणावरचा कागदी शिक्का फाडलेला, आत काही नाही. शेजारी दोन कप पालथे घातलेले होते.

नरहरींनी चौदा नंबरची डबी उचलली. बोटं काळी झाली. त्यांनी पहिली उचलली. तेवढीच काळी. त्यांनी रुमालाला हात पुसले आणि सगळ्या डब्या पिशवीत घालून घेतल्या.

चुलीच्या दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचं पोतं होतं. त्यात अर्ध्यापर्यंत जाडं मीठ. पोत्यावर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्याचा छाप.

"पुतण्या तिथे कामाला आहे," एकनाथ म्हणाले. "मितेश. बोईसरजवळ कुंभवलीला खोली घेऊन राहतो. पोतं त्यानंच आणून दिलंय. आणि काकूला मूल नाही, घर समुद्राच्या तोंडाशी. पुढचं मी सांगायला नको."

नरहरींनी पोत्यातलं मूठभर मीठ कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे त्यांनी बऱ्याचदा पाहिलं होतं. पण कधी कधी कावळ्यानंच फांदी तोडलेली असते, हेही पाहिलं होतं.

डॉक्टर हिमानी बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. पस्तिशीच्या, केस विस्कटलेले. सहा वर्षं त्या किनाऱ्यावरच्या गावांत निळ्या ओठांची माणसं शोधत हिंडल्या होत्या. अकरा मिळाली. त्या अकरा जणांवर हा अभ्यास चालला होता.

"मला साध्या भाषेत सांगा," नरहरी म्हणाले. "आजार काय आणि गोळी कसली?"

"रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतं. या लोकांच्या रक्तात त्यातलं काही जन्मापासून बिघडलेल्या रूपात असतं. ते असून नसल्यासारखं, प्राणवायू नेत नाही. म्हणून रक्त तपकिरी आणि ओठ निळे. गोळी आहे क जीवनसत्त्वाची. आवळ्यात, लिंबात असतं तेच. त्यानं हे हिमोग्लोबिन हळूहळू मूळ रूपात येतं. किती येतं आणि किती दिवसांत, ते आम्ही बघतोय."

"मग इतकी वर्षं ही बाई जगली कशी?"

"सवय होते. चढ चढताना धाप लागते, बाकी चालून जातं. वरून दुसरं काही आलं की मात्र तोल जातो."

"दुसरं काही म्हणजे?"

"न्यूमोनिया झाला, किंवा रंगाच्या कारखान्यातली काही रसायनं पोटात गेली..."

एकनाथांनी त्यातलं फक्त कारखान्याचं ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं.

नरहरींनी अभ्यासाची रीत विचारली. ती अशी होती. दर मंगळवारी प्रतिष्ठानाचा कार्यकर्ता प्रत्येकाच्या घरी जातो. बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा बघतो. आठवड्यात काय खाल्लं ते लिहून घेतो. मग सात गोळ्यांची एकच नवी डबी देतो. डबीचा शिक्का त्याच्यासमोरच फोडायचा, त्याच्याशिवाय नाही, हा नियम पहिल्याच दिवशी हिमानीबाईंनी स्वतः सगळ्यांना सांगितला होता. रक्त मात्र सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदाच काढायचं.

"आणि आज तुम्ही स्वतः का आलात?"

"आजींचे आकडे सगळ्यांत चांगले होते. सुरुवातीला ब्याऐंशी. आता शहाण्णव, सत्त्याण्णव. अकरा जणांत एवढा गुण कुणालाच आला नाही. म्हटलं, मधेच एकदा रक्त बघावं. शनिवारी संध्याकाळी अक्षयला तसं बोललेही." त्या थांबल्या. "कागदावर त्यांचे ओठ गुलाबी झाले होते, साहेब. दार ढकललं आणि बघते तर पहिल्या दिवशीपेक्षा निळ्या."

पालघरच्या इस्पितळात जमनाला तोवर निळ्या रंगाचं इंजेक्शन दिलं होतं. निळी पडलेल्या बाईला निळं औषध, यावर नर्सनं नाक मुरडलं, पण उतारा तोच आहे. ओठांचा रंग जरा उतरला. शुद्ध मात्र आली नाही. अंगात ताप होता, छाती कफानं भरलेली होती आणि नाकात प्राणवायूची नळी लावलेली होती. डॉक्टरांनी दोन दिवस थांबा म्हणून सांगितलं.

अक्षय इस्पितळाच्या व्हरांड्यातच भेटला. सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, सोलापूरकडचा, नीटनेटका. तोही कुंभवलीत खोली घेऊन राहत होता. त्यानं वही आधीच काढून ठेवली होती.

"शेवटचं कधी पाहिलंस त्यांना?"

"मंगळवारी, सर. ठणठणीत होत्या. आकडा सत्त्याण्णव. वहीत आहे."

"त्यानंतर?"

"नाही सर. मंगळवारीच जातो मी."

नरहरींनी वही चाळली. अक्षर सुंदर होतं. चौदा मंगळवार, चौदा आकडे, पुढे आहार. भात, आंबील, भाकरी, खारवलेले बोंबील. पुढच्या मंगळवारी पुन्हा भात, भाकरी, खारवलेले बोंबील. एकट्या बाईच्या घरी दुसरं काय असणार, असं नरहरींच्या मनात आलं. त्यांच्या स्वतःच्या आहाराची वही कुणी ठेवली असती, तर तिच्यात चौदा वेळा खिचडी निघाली असती.

"सर, एक सांगू?" अक्षय आपणहून म्हणाला. "ते पोतं बघितलं का तुम्ही? रंगाच्या कारखान्याचं? मी आजींना सांगितलं होतं, यातलं मीठ वापरू नका म्हणून. ऐकलं नाही. बोंबील खारवायला तेच घ्यायच्या. माझ्यादेखत चोळायच्या."

एकनाथांनी नरहरींकडे असं बघितलं, की आता आणखी काय हवं.

मितेशला दुपारी पाळीवरून उठवून आणलं. हातांना जांभळा रंग लागलेला, तो साबणानं जात नाही. तो एकनाथांकडे न बघता जमिनीकडे बघत बोलत होता.

"पोतं कारखान्यातलंच ना?"

"हो. पण त्यात सोड्याची पावडर यायची, साहेब. मी चार पाण्यानं धुतलं. मीठ मिठागरातलं हाय."

"काकूला शेवटचं कधी भेटलास?"

तो तळहातावरचा रंग अंगठ्यानं घासत राहिला. मग म्हणाला, "दीड महिना झाला. पाळ्या लागल्यात. बोईसर ते शिरगाव दोन गाड्या बदलायच्या, जाऊन येऊन दिवस जातो. मंगळवारी तो संस्थेचा पोऱ्या जातोय, म्हटलं कोणतरी हाय बघायला."

खून करायला निघालेला माणूस दीड महिना न गेल्याची लाज बाळगत नाही, असं नरहरींना वाटलं. पण वाटण्याला पुराव्याची किंमत नसते. मिठाची तपासणी व्हायला चार दिवस लागणार होते. एकनाथ तेवढं थांबायला तयार नव्हते. बुधवारी दुपारपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर मितेशला विषप्रयोगाच्या गुन्ह्याखाली आत टाकायचं, असं त्यांनी सांगून टाकलं. एकदा आत गेला की कारखान्यातली जागा गेली आणि गावात तोंड दाखवायची सोय गेली. पुढे सुटला तरी 'काकीला विष घातलं तो' हे त्याला जन्मभर चिकटणार होतं. मितेश फक्त एवढंच म्हणाला, की काकीला शुद्ध आली तर ती सांगेल. नाही आली तर त्याच्याकडून बोलणारं कुणी नव्हतं.

नरहरींनी गोळ्यांवर बंदीचा हुकूम काढला. तो काढावाच लागतो. बाकी दहा जणांच्या डब्या परत मागवल्या. हिमानीबाईंनी लगेच सही केली.

उन्हं कलताना ते पुन्हा एकटेच शिरगावला गेले. जमनाच्या शेजारच्या अंगणात बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, जोडीजोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. जागृती नावाची चाळिशीची बाई ते काढत होती. शुक्रवारपासून ती वसईला लग्नाला गेली होती, आज दुपारी परतली, म्हणून म्हातारीचं तिला काहीच कळलं नव्हतं. बोलता बोलता दोनदा तिचे डोळे भरून आले.

काहीतरी विचारायचं म्हणून नरहरींनी विचारलं, की या बोंबलांना मीठ वाळवायच्या आधी लावता की नंतर.

जागृती रडता रडता हसली. "मीठ? बोंबलाला? कुठले तुमी, घाटावरचे काय?"

"बीडचा."

"तरीच. बोंबलाला मीठ नाय लावीत कोणी. नुसत्या उन्हावर न् वाऱ्यावर वाळते तो. मीठ लागते घोळीला, मुशीला, सुरमयला. जमनाबाय तर मोठं म्हावरं घेतच नव्हती. एकटीला काय करायचंय? ते पोतं मी मागून नेत होती, पोऱ्यांनी उगाच एवढं आणून ठेवलं म्हणून. आमी आठ जण तेच खातो."

नरहरींचा हात खिशात घातलेल्या अक्षयच्या वहीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"मंगळवारी तो कार्यकर्ता यायचा, तुम्ही बघितलंय?"

"मंगळवारी मी पालघरच्या बाजाराला म्हावरं घेऊन. सकाळी जाते, दिवा लागताना येते. पण येत असणार. म्हातारी आदल्या दिवशी अंगण सारवायची. संध्याकाळी बघावं तर दोन कप धुतलेले. न् मला हाक मारायची, च्या उरलीय गो, घेतेस का? ऊन करून द्यायची. दर मंगळवारी."

"दर मंगळवारी उरायचा?"

"हो. कपभर. बरोबर कपभर."

नरहरी बोईसरला आपल्या खोलीवर आले. दिवा लावला, गॅस लावला, एक कप पाणी मोजून पातेल्यात ओतलं. मोजून ओतायची सवय त्यांना लागायला वर्ष गेलं होतं. बायको, सुमती, गेली त्या वर्षी रोज दोन कप चहा व्हायचा. एक ते प्यायचे, दुसरा सिंकमध्ये जायचा. एकट्या माणसाच्या घरी कपभर चहा उरतो तो एकाच कारणानं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

चहा उकळून ओतू गेला तरी ते तसेच उभे होते. मग गॅस बंद करून त्यांनी पिशवीतल्या चौदा डब्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि चष्मा लावला.

मंगळवारी सकाळी त्यांनी एकनाथांना फोन करून एका खोलीची झडती घ्यायला सांगितली. खोली कुंभवलीतलीच होती, पण मितेशची नव्हती.

बुधवारी दुपारी बाराला इस्पितळातल्या डॉक्टरांच्या खोलीत पाच माणसं बसली. नरहरी, एकनाथ, हिमानीबाई, अक्षय आणि भिंतीला टेकून मितेश. पलीकडच्या वॉर्डात जमना होती. पहाटे तिनं डोळे उघडले होते, पण अजून काही बोलली नव्हती.

नरहरींनी टेबलावर डब्या मांडल्या.

"गोळी की मीठ, असा प्रश्न होता," ते म्हणाले. "दोन्ही नाही. मिठाचं आधी सांगतो. त्या पोत्यातलं मीठ शेजारचं आठ माणसांचं घर रोज खातंय. कुणाला शिंकही आली नाही. आणि ज्या बोंबलांना ते चोळलं म्हणतात, त्या बोंबलांना या किनाऱ्यावर कुणी मीठच लावत नाही. मला माहीत नव्हतं, मी बीडचा. अक्षयलाही माहीत नव्हतं, तो सोलापूरचा. फरक एवढाच, की मी तिच्या घरी चौदा मंगळवार जेवणाची चौकशी करायला गेलो नव्हतो."

अक्षय म्हणाला, "लिहिताना चुकलं असेल, सर."

"चौदा वेळा? आणि माझ्यादेखत चोळायच्या म्हणालास, तेही चुकून? पोत्याचं तुला मी विचारलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं."

नरहरींनी चौदा नंबरची डबी उचलली.

"नियम असा, की दर आठवड्याला एकच डबी द्यायची. म्हणजे पहिली डबी चुलीवर चौदा आठवडे राहिली आणि चौदावी सहा दिवस. पहिलीवर काजळी जास्त हवी, चौदावी जवळजवळ कोरी हवी. इथे दोन्ही सारख्याच काळ्या आहेत. म्हणजे सगळ्या डब्या एकदमच त्या फळीवर गेल्या, सुरुवातीलाच. पुढे बघा. शिक्का जिथे फाटलाय ती कागदाची कड. एक आणि दोन नंबरच्या डब्यांची कड काळी पडलेली आहे. तीनपासून चौदापर्यंत कडा पांढऱ्याशुभ्र. बारा डब्या अगदी अलीकडे फाडल्यात, एका बैठकीत."

हिमानीबाईंनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली.

"पहिल्या मंगळवारी डॉक्टरबाई बरोबर होत्या," नरहरी म्हणाले. "दुसऱ्या मंगळवारी हा एकटा गेला, दुसरी डबी फोडून दिली आणि उरलेल्या बारा तिथेच ठेवून आला. प्रतिष्ठानात डब्या ठेवतात त्या कपाटाची किल्ली याच्याकडेच असते. त्यानंतर हा फिरकलाच नाही. आकडे खोलीवर बसून लिहिले. बोटाला चिमटा लावला असेल तर स्वतःच्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे."

"पण गोळ्या तर घरात होत्या," हिमानीबाई हळू म्हणाल्या. "त्यांनी घ्यायला हव्या होत्या."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, की शिक्का त्याच्यासमोर फोडायचा? तिनं नियम पाळला. दर मंगळवारी अंगण सारवलं, दोघांचा चहा केला, वाट बघितली. तो आला नाही, म्हणून डबी उघडली नाही. संध्याकाळी त्याच्या वाटणीचा चहा शेजारणीला दिला. आणि चारचौघांत त्याचं नाव खराब होऊ नये म्हणून दोन्ही कप धुवून ठेवले. बारा आठवडे तिच्या पोटात एकही गोळी नव्हती. रक्त पहिल्यासारखं झालं. त्यावर ताप आला, छाती भरली. डॉक्टर, तुम्ही मला पहिल्याच दिवशी म्हणालात, न्यूमोनिया झाला तर तोल जातो. आम्ही पुढचंच तेवढं ऐकलं."

एकनाथांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. नारिंगी गोळ्या होत्या. चौऱ्याऐंशी. अक्षयच्या गादीखाली सापडल्या होत्या.

अक्षयचा चेहरा पांढरा पडला. पण तो बोलला तेव्हा आवाज बऱ्यापैकी सरळ होता.

"खोटं लिहिलं, कबूल. बाकी दहा जणांकडे मी नेमानं जातो, कुणालाही विचारा. तिथे दहा मिनिटांत होतं, सर. नावनोंदणीच्या वेळी तीन-चारदा गेलो तेव्हाच बघितलं, ही आजी सोडायचीच नाही. बस म्हणायची, च्या घे म्हणायची, नवऱ्याच्या बोटीचं सांगायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. दोन-दोन तास. शेवटची गाडी चुकायची. मला नाही झालं ते." तो थांबला. "शनिवारी मॅडम म्हणाल्या, सोमवारी येते. म्हणून रविवारी जाऊन डब्या फोडल्या, गोळ्या आणल्या. एवढंच. आजी बऱ्या होत्या. दारात बसल्या होत्या, हसून बोलल्या. रात्री काही झालं असेल तर तो माझा गुन्हा नाही."

"रविवारी बऱ्या होत्या?"

"हो सर. चांगल्या चालत-फिरत होत्या."

इथे नरहरींचं घोडं अडलं होतं. वहीचा खोटेपणा सिद्ध होता, डब्या सिद्ध होत्या. रविवारी त्या घरात त्यानं काय पाहिलं, ते सांगणारं माणूस एकच होतं. तेवढ्यात नर्स दारात आली आणि म्हणाली, की आजी कुणाला तरी बोलावतायत.

नरहरी आत गेले. एकनाथांनी अक्षयला दंडाला धरून दारापाशी उभं केलं, तिला दिसणार नाही असं. मितेश मागे राहिला.

जमना उशीवर अगदी लहान दिसत होती. नाकातली नळी तिनं एका बोटानं जरा बाजूला केली. ओठ अजून निळे होते.

"मंगळवार हाय का आज?"

"बुधवार," नरहरी म्हणाले.

तिनं ते मनाशी घोळवलं. "म्हणजे गेला. तुमी संस्थेतले काय?"

"तसंच समजा."

"मग त्या पोऱ्याला जरा सांगा. रागावू नको म्हणावं. आयतवारी आलता तो. इतक्या दिवसांनी आलता." तिला धाप लागली. नरहरी थांबले. "मला उटताच नाय आलं. छाती अशी धरलेली, आवाज पण फुटत नव्हता. मी हातानं बोलवलं त्याला, बस म्हटलं. बिचारा डब्या उघडीत होता, त्याला कामं. मग गेला."

नरहरींनी तिचं पांघरूण नीट केलं.

"च्या पण नाय दिली मी त्याला," जमना म्हणाली. "घरी आलेल्या माणसाला."

नरहरींनी मागे वळून पाहिलं. अक्षय भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, दोन्ही हात तोंडावर. "मला वाटलं, उद्या मॅडम येणारच आहेत," एवढंच तो पुटपुटला. फोन केला असता तर वही उघडी पडली असती. एका दिवसाचा प्रश्न होता, आणि तो दिवस त्यानं म्हातारीच्या छातीवर ठेवला होता. एकनाथांनी त्याला उठवलं. जाताना त्यांनी मितेशच्या खांद्यावर हात ठेवला.

मितेश आत आला आणि काकीच्या पायाशी उभा राहिला. तिनं त्याच्या जांभळ्या हातांकडे बघितलं.

"जेवलास काय?" तिनं विचारलं. तो रडायला लागला, मग पाणी आणतो म्हणून बाहेर गेला.

हिमानीबाई व्हरांड्यात वही घेऊन बसल्या होत्या. जमनाच्या नावापुढचे बारा आकडे त्या एकेक करून खोडत होत्या. सहा वर्षांतले सगळ्यांत चांगले आकडे होते ते. बाकी दहा जणांच्या डब्या सोडायचा हुकूम नरहरी संध्याकाळी काढणार होते, पण प्रत्येकाचं रक्त पुन्हा तपासून. आणि यापुढे शिरगावला मी स्वतः जाणार, असं बाई म्हणाल्या होत्या.

नरहरींची गाडी खाली उभी होती. कोळगावला अहवाल लिहायचा होता.

"तुमी निघाले काय?" जमनानं विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

"मग बसा ना जरा. आमच्या बोटीचं नाव माहीत हाय काय तुमाला?"

नर्सनं दोनदा आत डोकावून फार बोलू नका म्हणून सांगितलं. नरहरींनी मान हलवली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"नाही माहीत," ते म्हणाले. "सांगा. सावकाश सांगा."